लोहगावचा हवाई दलाचा तळ कधीचा, तिथे नेमकं चालतं काय, आणि पुण्याचं विमानतळ वाढवायचं तर हवाई दल तिथून हलत का नाही?

तुमच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचून हातातला चहा खाली ठेवला. हवाई दल हलत का नाही म्हणे! अहो, आधी तिथे आलं कोण ते तर बघा. हा तळ १९३९ चा. मुंबईच्या रक्षणासाठी इंग्रजांनी बांधला, महायुद्धात इथून मॉस्किटो, वेलिंग्टन आणि स्पिटफायर विमानं उडायची. मे १९४७ मध्ये तो आपल्या हवाई दलाकडे आला. धावपट्टी त्यांची, टॉवरही त्यांचाच. तुम्ही ज्या विमानाने दिल्लीला जाता ते तिथे भाडेकरू. भाडेकरूनेच मालकाला विचारायचं, "तुम्ही घर कधी सोडताय?"

गोवा मुक्ती म्हटलं की आपल्याला सत्याग्रही आठवतात, आणि आठवावेतच. पण १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी १२ कॅनबेरा विमानं पुण्याहूनच गेली होती. टर्मिनलच्या इमारतीला हात लावायचा नाही असा हुकूम होता, आणि तो पाळला गेला. त्याच दिवशी बेळगावजवळच्या सांबऱ्याहून हंटर विमानं निघाली आणि त्यांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. पुढे १९९७ ला पहिली सुखोई-३० लढाऊ विमानं भारतात आली ती लोहगावलाच, आणि २७ सप्टेंबर २००२ ला सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झाली तीही इथेच. दोन इंजिनं, दोन वैमानिक, हवेतच इंधन भरायची सोय. म्हणजे तळ सीमेपासून लांब असला तरी बिघडत नाही, उलट ते सोयीचंच. हा झाला इतिहास.

आता "तिथे चालतं काय". लोकांना वाटतं पायलट चष्मा लावून येतो, बसतो, उडतो. एका पायलटमागे खाली किती माणसं राबतात ते कुणी विचारत नाही. मी त्या खालच्यांतला. एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारा. वीस वर्षं नोकरी केली, त्यातली काही लोहगावला.

आमचं गाव विट्याकडचं. अर्धं गाव गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पांगलेलं, उरलेलं फौजेत. आमचे आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतले, बेळगावात घडलेले. मी पण बेळगावातच घडलो, पण सांबऱ्याच्या एअरमन ट्रेनिंग स्कूलमध्ये. म्हणजे गाव एक आणि भांडण जन्माचं. आप्पा पारावर उघड सांगायचे, "आमी बरफात उभं राहून पगार घेतला, आन् हे हँगरच्या सावलीत बसून घेत्यात."

एकदा आप्पा मला भेटायला तळावर आले. कुठल्या तळावर ते सोडा, लोहगाव नव्हे. आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन दोन दिवस रेल्वेत बसून आलेले. मी सांगितलं होतं, सहाला सुटतो, गार्डरूमपाशी थांबा.

सहाला पाच कमी असताना कामाच्या हत्यारांची मोजणी झाली. आमच्याकडे हत्यारांचा फळा असतो, प्रत्येक पाना-पक्कडीची आकृती त्यावर रंगवलेली. हत्यार जागेवर नसलं की रिकामी आकृती लांबूनच दिसते. त्या दिवशी स्क्रू ड्रायव्हरचा एक बिट नव्हता. करंगळीच्या पेरापेक्षा लहान. आणि त्या पेटीवर सही माझी.

झालं, विमान जागेवर बंद. आतली सगळी माणसं आत. फरशी झाडली, ओव्हरऑलचे खिसे उलटे केले, कचऱ्याचा डबा पेपरवर ओतला. मग उघडलेलं प्रत्येक पॅनल पुन्हा उघडलं. दीड वाजता आमच्यातल्या एका पोराला तो दिसला. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा आणि बॅटरी घेऊन तो विमानाच्या पोटाखाली उताणा पडला होता. बिट कंट्रोल रॉडच्या शेजारच्या खाचेत अडकलेला. विमान हवेत कलंडलं असतं आणि तो रॉडखाली सरकला असता, तर पायलटने दांडा ओढूनही दांडा आला नसता. बाकी कल्पना करा.

दोन वाजता गार्डरूमवर गेलो. आप्पा बाकड्यावर ताठ बसलेले, डबा मांडीवर. पोरांनी त्यांना दोनदा चहा पाजला होता. मला वाटलं आता शिव्या. त्यांनी विचारलं, "काय हरवलं हुतं?" मी करंगळीचं टोक दाखवलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आमच्यात बी फायरिंगनंतर एक खाली पुंगळी कमी भरली तर अख्खी कंपनी गवत चाळायची." आणि डबा उघडला.

गावी आल्यावर मात्र पारावर तेच. "सावलीतली नोकरी. पण झोप न्हाई बरं का." एवढी भर मात्र घातली.

म्हणून आमच्या भागातल्या पोरांना सांगतो. विटा, तासगाव, पलूस, कुठेही पहाटे चारला जा, भरती अकॅडमीची पोरं १६०० मीटर पळताना दिसतील. पळा, पण बारावीचं गणित आणि फिजिक्सही करा. हवाई दलाला नुसते पाय नकोत, हात आणि डोकंही लागतं. आणि कुणी सावलीतली नोकरी म्हणालं तर मे महिन्यात दुपारी तापलेल्या विमानाच्या पाठीवर त्याला पाच मिनिटं उभं करा. हे आप्पांना मी कधी तोंडावर बोललो नाही, आता इथे बोलतो.

हां, माझी वीस वर्षं झाली ती जुन्या पद्धतीने. २०२२ पासून अग्निवीर आहे, चार वर्षं, आणि पुढे जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम. हिशेब घरात बसून करा, माझ्या भरवशावर नको.

विमानतळाचं म्हणाल तर गर्दी खरी आहे, मीही तिथल्या रांगेत उभा राहिलोय. पुरंदरला नवीन करायचं चाललंय, ते होईल तेव्हा होईल. पण तळ हलवणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं नव्हे. तिथे आत काय काय आहे, किती आहे, हे मात्र विचारू नका. सांगणार नाही.