जीप चेरोकीचे चार लिटरचे इंजिन

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. २००० सालची सेकंडहँड जीप चेरोकी बघून ठेवली आहे, सहा सिलिंडर, पेट्रोल. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला. घ्यावी का?

उत्तर: लगेच नाही म्हणू नका, पण तपासल्याशिवाय पैसेही देऊ नका. हे ३,९५६ सीसीचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन. ४,६०० आरपीएमला १९० हॉर्सपॉवर. बिडाचा ब्लॉक, क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या दांड्याला) सात मेन बेअरिंग, त्यामुळे खालचा भाग दणकट. दुखणे वर आहे. २०००-०१ च्या गाड्यांत '०३३१' क्रमांकाचे हेड (सिलिंडर वरून बंद करणारा भाग) आले आणि ते ३ व ४ नंबरच्या सिलिंडरांच्या मधल्या भागात तडकू शकते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) थेट ऑइलमध्ये उतरते, ते दुधाळ करते आणि बेअरिंग खाते.

मात्र थंडीत गाडी रोज चार-पाच मैलच चालली, तर नुसत्या वाफेनेही झाकणाखाली असा थर धरतो. म्हणून डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघा. तिथलेही ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर ती गाडी सोडा. ऑइल स्वच्छ असेल तर थंड इंजिनवर रेडिएटरला १५ पीएसआय दाब देऊन वीस मिनिटे थांबा. दाबाचा काटा उतरला आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर व्हॉल्व्ह कव्हर (हेडवरचे झाकण) उघडायला लावा. चीर असल्यास हेडच्या मधोमध दिसते.

हेड बदलायची वेळ आली तर 'टुपी' हे नाव ओतलेले सुधारित हेड मागा. बोल्ट २२, मग ४५, शेवटी ११० फूट-पौंड असे टप्प्याटप्प्याने आवळतात. आवळण्याच्या क्रमातला अकरावा बोल्ट वॉटर जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या कूलंटच्या पोकळीत) उतरतो, त्याला सीलंट लावून १००वरच थांबायचे. घाईत नेमके हेच विसरले जाते.

प्रश्न: त्याच इंजिनाची गाडी तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. पेट्रोल पंप बदलून झाला.

उत्तर: क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर बघा. तो गिअरबॉक्सच्या बेलहाऊसिंगवर (इंजिनाला जोडणाऱ्या पुढच्या आवरणावर) असतो आणि तापला की सिग्नल तुटतो. मग स्पार्कही नाही, इंजेक्टरही नाही. बंद पडल्यावर लगेच प्लगला ठिणगी येते का ते पाहा, पंपाचा दोष असेल तर ती येईल.

प्रश्न: इंजिनाच्या मागून ऑइल ठिबकते. मेकॅनिक रिअर मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचे सील) बदला म्हणतो.

उत्तर: आधी वरून पुसून काढा. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट आणि ऑइल फिल्टर अ‍ॅडॉप्टरच्या ओ-रिंग गळल्या तरी ऑइल ओघळत तिथेच येते.