परदेशात पाहुणी प्राध्यापक म्हणून राहताना तुमचा सर्वात थाटामाटाचा शनिवार-रविवार कोणता?

जॉर्जियातला. अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे, कॉकेशस पर्वताच्या पायथ्याचा तो छोटा देश. 2022 साली एका सत्रापुरती मी त्बिलिसीत मेडिकलच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवायला गेले होते. वर्गात आपल्याकडची मुलं भरपूर, त्यामुळे तिथे परदेश फारसा जाणवायचा नाही. तो जाणवायचा जेवणाच्या टेबलाशी.

खरं तर तो शनिवार-रविवार शुक्रवारीच सुरू झाला. विभागातल्या एका बाईंचा वाढदिवस होता, जेवण त्यांच्याकडून. मला वाटलं, तासाभरात आटपेल. रात्री साडेबाराला घरी पोचले.

तिथल्या मेजवानीला 'सुप्रा' म्हणतात. मूळ अर्थ टेबलावर अंथरायचं कापड. पण सुप्राचा कणा जेवण नव्हे, भाषण. टेबलाचा एक प्रमुख असतो, तमादा. तो उठून बोलतो: शांततेसाठी, देशासाठी, गेलेल्या माणसांसाठी, मुलाबाळांसाठी. त्याचं बोलून झालं की 'गाउमार्जोस' म्हणायचं आणि मगच ग्लास तोंडाला लावायचा. मध्येच आपल्या मनाने घोट घेणं म्हणजे आरती चालू असताना प्रसाद उचलण्यासारखं. मी माळकऱ्यांच्या घरातली, वाइन घेत नाही. माझ्या ग्लासात तारखुना, म्हणजे एका सुगंधी पाल्याचं पोपटी रंगाचं सोडासरबत. कुणी तोंडावर नावं ठेवली नाहीत, पण तीन दिवस सगळ्यांच्या लालभडक ग्लासांत माझा एकटीचा हिरवा.

शनिवारी लग्न होतं, एका सहकाऱ्याच्या मुलाचं. त्बिलिसीपासून वीसेक किलोमीटरवरच्या म्त्स्खेताला अकराव्या शतकातलं स्वेतित्सखोवेली नावाचं कॅथेड्रल आहे, तिथे. नवरानवरीच्या डोक्यांवर मुकुट धरतात आणि तसंच त्यांना तीन फेऱ्या मारायला लावतात. मी मनातल्या मनात उरलेल्या चार मोजत होते. मग हॉर्न वाजवत गाड्यांची वरात हॉलवर. दारात तलवारींची कमान, तिच्याखालून जोडप्याचा प्रवेश, आत शिरताना नवऱ्याने पायाखाली ताटली फोडायची. आहेर पाकिटातून, तेवढं मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी पैठणी नेसले होते आणि ती चूक होती, कारण नवरीपेक्षा माझ्याबरोबर फोटो काढणारे जास्त निघाले.

ताटं उचलत नाहीत, हे तिथलं वैशिष्ट्य. नवीन पदार्थ आला की आधीच्या ताटल्यांच्या कडांवरच ठेवायचा, मग त्यावर तिसरा मजला. रिकामी जागा दिसली तर यजमानाला कमीपणा. शाकाहाऱ्यांसाठी एक शब्द सांगून ठेवते: 'समारख्वो', उपासाचं. तिथले ख्रिश्चन उपासाला मांस, दूध, अंडी खात नाहीत, त्यामुळे हा शब्द ऐकला की स्वयंपाकघरात बरोबर कळतं. (मासे नकोत, हे मात्र वेगळं सांगा.) अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, पालकाचे गोळे, राजमा भरलेली भाकरी. वांगी तर आपल्या भरल्या वांग्यांची चुलत बहीण, फक्त थंड. आणि भाषेच्या गमती: आग्रहाला माझ्या तोंडून सवयीने 'हो' गेलं की ताटात अजून एक वाढप, कारण तिकडेही बोलीत होकाराला 'हो'च म्हणतात! 'मामा' म्हणजे मात्र वडील. माझ्या मामांच्या गोष्टीवरून सगळ्यांचा बराच घोळ झाला.

रविवारी काखेती प्रांतात, तेलावीजवळच्या एका गावी द्राक्षतोडणी. तिला 'र्त्वेली' म्हणतात. मी तासगावची, बाग बघत वाढलेली. आमच्याकडे ऑक्टोबरात फळछाटणी चालते, माल यायचा फेब्रुवारी-मार्चला. तिथे त्याच महिन्यात काळ्याभोर सापेरावीचे घड उतरवत होते. त्यांची वेल थंडीत झोपते, आमच्या वेलीला झोप नाही, म्हणून तर वर्षाला दोन छाटण्या. हे मी तिथल्या आजोबांना दुभाष्यामार्फत सांगितलं, तर ते वेलीची कीव आल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. रस जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या मोठ्या रांजणांत जातो, त्यांना 'क्वेव्री' म्हणतात.

संध्याकाळी अंगणात सुप्रा. मी भारतातली, त्यातही गोव्याच्या शेजारची, हे कळल्यावर तमादा उठला आणि राणी केतेवानचं नाव घेतलं. ही काखेतीचीच राणी. इराणच्या शाह अब्बासने तिला ओलीस ठेवलं, धर्म सोडेना म्हणून 1624 साली शिराझमध्ये हालहाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष जुन्या गोव्यात आणले. तिथल्या सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चच्या उत्खननात हाडं सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत डीएनए तपासला गेला आणि जुलै 2021 मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी अवशेषाचा एक भाग स्वतः त्बिलिसीत नेऊन दिला. तमादा म्हणाला, तुमच्या मातीने आमच्या आईला चारशे वर्षं सांभाळलं. सगळे उभे राहिले. माझी मात्र मान खाली, कारण जुन्या गोव्याला मी चार वेळा गेलेय, बॉम जीझस चर्चमध्ये फोटो काढलेत आणि ऑगस्टीनच्या त्या मोडक्या मनोऱ्याकडे बसमधूनच बघितलंय.

मग त्याने 'अलावेर्दी' म्हणत बोलायची पाळी माझ्याकडे दिली. चाळीस माणसं गप्प. वर्गात दोनशे मुलांसमोर न घाबरणारी मी, पाय लटपटायला लागले. थोड्या वेळापूर्वी पुरुषांनी तीन वेगवेगळ्या सुरांत एक गाणं म्हटलं होतं, 'चाक्रुलो'. ते नाव ओळखीचं होतं. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर ते आहे, आणि त्याच तबकडीवर आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. केसरबाई गोव्याच्या, केरी गावच्या. मी एवढंच म्हटलं की तुमची राणी आमच्या गोव्यात राहिली आणि आता तुमचं गाणं नि आमच्या गोव्याची बाई एकाच गाडीतून सूर्यमालेबाहेर चाललेत. पहिलं वाक्य इंग्रजीत, नंतर न कळत मराठीत गेले. दुभाषी म्हणून आलेली माझी विद्यार्थिनी अकोल्याची, तिने निभावलं.

आजोबांनी उठून माझ्या हिरव्या ग्लासाला ग्लास भिडवला. त्यानंतर चार तास जेवण चाललं, त्यातलं मला फारसं आठवत नाही.

घरी आल्यावर थोरल्या भावाला, आण्णाला, सगळे फोटो दाखवले. लग्न, मुकुट, तलवारी त्याने भराभर सरकवले. काखेतीच्या वेलींपाशी थांबला, फोटो मोठा करून पानांवर रोग दिसतो का ते न्याहाळलं आणि विचारलं, "दावण्याला फवारण्या किती घेतात गं हे लोक?"