बाईंचे अकरा 'च'

"शाळेत साठ पोरं सांभाळते हो ताई, आणि घरी एकावर हात उठतो. माझं डोकं तर बिघडलं नाही ना?" संसार सांभाळून नोकरी करणाऱ्या शिक्षिकांकडून समुपदेशन करताना हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसले. इथल्या बाईंच्या ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

पंचवटीत घर, नाशिकरोडकडे शाळा, आठवी-नववीला मराठी. घरी पेपरांचे गठ्ठे, ऑनलाइन माहिती भरणं, मध्येच निवडणुकीचं काम. पहिल्याच भेटीत चोरी कबूल करावी तसं त्यांनी सांगितलं : संध्याकाळी पार्किंगमध्ये दहा मिनिटं स्कूटरवरच बसून राहते, हेल्मेटसुद्धा काढत नाही. वर गेल्यावर सांगते, द्वारका चौकातल्या गर्दीत अडकले होते.

चौथ्या भेटीत त्या बोलत होत्या आणि मी कागदावर रेघा ओढत होते. "डबा मीच करते. पेपर आजच संपवायचे असतात. सासूबाईंना गरमच पोळी लागते. अभ्यास मलाच घ्यावा लागतो..." कागद पुढे सरकवला. "पाच मिनिटांत तुमचे अकरा 'च' झाले."

त्या मराठीच्या बाई! लगेच म्हणाल्या, "शुद्ध शब्दयोगी अव्यय. मागच्या शब्दाचं रूप बदलत नाही." मग थांबल्या. "माणसाचं बदलतं." आणि डोळ्यांना पदर लावला. मीही गप्प बसले. अशा वेळी बोलायचं नसतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. 'व्हावं'चं 'व्हायलाच हवं' झालं की माणूस स्वतःला छळू लागतो, हे ते 1955 पासून सांगत आले. मराठीत ते एका अक्षरात मावतं, याचा मला जरा अभिमानच आहे. (हा माझा 'च'!)

पण सगळा दोष बाईच्या विचारांचा, असं मी म्हणणार नाही. 2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची 88. म्हणून यजमानांनाही बोलावलं. "मी मदत करतोच की," म्हणाले. म्हटलं, मदत शेजारी करतात. त्यांनी सकाळचा डबा अंगावर घेतला. आठवडाभर भाजी करपली. बाईंना सांगितलं होतं, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. त्यांना तेच सगळ्यात जड गेलं. सासूबाईंनी निवलेली पोळी खाल्ली, कुरकुर केली, झोपल्या.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, कशातच मन लागेना, जगणं नकोसं वाटलं, तर 'च' मोजत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञ गाठा, 14416 वर टेलि-मानस ही सरकारची फोनवरून समुपदेशनाची मोफत सेवाही आहे.

परवा बाईंचा मेसेज आला : "आज पार्किंगमध्ये दहा मिनिटं बसले. वर जाऊन खरं सांगितलं. लेक म्हणाला, उद्या मीपण येऊ का बसायला?"