बुकिंगचे 50 हजार भरू का? मुलीच्या फीमाफीबद्दल एका वडिलांना उत्तर

दादा, पत्र वाचलं. मुलगी सातवीपर्यंत झेडपीच्या शाळेत, मग तालुक्याच्या अनुदानित शाळेतून बारावी सायन्स, सीईटी दिलीये, तुमचा छोटा हत्ती भाड्याने फिरतो, वर्षाला दोन लाखाच्या वर काही सुटत नाही, आणि आता एक एजंट म्हणतोय की प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरची सीट धरून ठेवतो, 50 हजार टाका, मुलींना सगळं फुकटच आहे, पैसे परत मिळतील. सोसायटीचं कर्ज काढू का विचारताय.

नका काढू. एक रुपया देऊ नका त्याला.

मुलींना फी माफ आहे हे खरंय, 8 जुलै 2024 चा जीआर आहे. ईडब्ल्यूएस (ओपनमधले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ओबीसीतल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न 8 लाखापर्यंत आहे त्यांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी 100 टक्के सरकार भरतं, आधी हे 50 टक्केच होतं. पण एजंट जे सांगत नाही ते असं की अॅडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेलं पाहिजे. विनाअनुदानित कॉलेज असलं तरी चालतं, पण मॅनेजमेंट कोटा नाही, प्रायव्हेट युनिव्हर्सिटी नाही, डीम्ड (अभिमत) युनिव्हर्सिटी नाही. म्हणजे तिथे 50 हजार भरले की माफी गेलीच, वर चार वर्षांची फी तुमच्या डोक्यावर.

आता कागद. तुम्ही ओपन लिहिलंय, म्हणजे ईडब्ल्यूएसचा दाखला लागणार, तो राज्याच्या नमुन्यातला घ्या, सेतूवाले कधीकधी केंद्राचा हातात देतात आणि पोरं ऐनवेळी रडत येतात. नाव आधारवर, मार्कशीटवर आणि दाखल्यावर एकसारखं आहे का बघा. मागे एका मुलीच्या आडनावात नुसती एक वेलांटी चुकलेली, त्यापायी तिचे वडील तीनदा तहसीलला गेले, तीन दिवसांची मजुरी बुडाली. बँक खातं आधारला जोडून घ्या, आणि महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा फॉर्म दरवर्षी भरायचा असतो, एकदा भरला की झालं असं नाही.

फुकट म्हणजे सगळं फुकट पण नाही हां. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस तुमच्याकडेच. घरची थोडी जमीन असेल तर अल्पभूधारकाचा दाखला काढून पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा फॉर्मही भरा.

धाकटा अकरावीत आहे म्हणालात, त्याला हा जीआर लागू नाही, ओपनच्या मुलांना निम्मीच ट्यूशन फी मिळते. त्याच्यासाठी टीएफडब्ल्यूएस, म्हणजे पूर्ण ट्यूशन फी माफ असलेल्या 5 टक्के जादा सीट, उत्पन्नाची अट तीच 8 लाख. कॅपमध्ये कॉलेजचे पर्याय भरताना या सीटचा कोड वेगळा असतो, शेवटी इंग्रजी टी. मेरिट मात्र खूप वर जातं, त्याला आत्तापासून सांगून ठेवा.

आणि एजंटचा फोन आला तर एवढंच विचारा, कॅपचं अलॉटमेंट लेटर देतोस का.