उद्योग एकट्याने चालवताना सल्ल्यासाठी आणि आधारासाठी माणसे कशी जोडावीत?

सर्व अडचणींसाठी एकच मार्गदर्शक शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चाकणला जॉबवर्क करणाऱ्या लघुउद्योजकाचे बिल मोठ्या ग्राहकाकडे अडकते, तेव्हा तेथे नेमके कोणाला भेटावे हे त्याच ग्राहकाला माल देणारा शेजारच्या गाळ्यातील उद्योजक सांगू शकतो. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि उशीर झाल्यास व्याज मागता येते, हे चार्टर्ड अकाउंटंट सांगतो. पण तक्रार करून ग्राहक गमवायचा का, हा पेच ज्याचा आपल्या धंद्यात स्वार्थ नाही अशा जुन्या मित्रापुढेच मोकळेपणाने मांडता येतो. ओळखींसाठी पुण्यात १९३४ पासून कार्यरत असलेली मराठा चेंबर ही उद्योजक-व्यापाऱ्यांची संघटना किंवा माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सुरू केलेला सॅटर्डे क्लब उपयोगी पडतो. मात्र केवळ व्हिजिटिंग कार्डे वाटून (अनेकांची हीच सवय) काही साधत नाही, आधी आपण कोणाला तरी चांगला पुरवठादार सुचवावा. घरच्यांना कर्जाचा आकडा आणि तारण काय ठेवले आहे हे वेळीच सांगावे. बँकेच्या नोटिशीतून ते कळल्यास घरचा आधार टिकवणे फार अवघड जाते.