ऑटिझम असलेल्या मुलाला शाळा ‘दाखला घेऊन जा’ म्हणतेय. शाळेला तसं करता येतं का?

तुमचा मुलगा तिसरीत आहे, निदान गेल्या वर्षी झालं, आणि खाजगी विनाअनुदानित शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणतायत की आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, जूनच्या आत दाखला काढून घ्या. बरोबर ना? हे त्यांनी तुम्हाला लिहून दिलेलं नसणार. कधीच देत नाहीत.

आधी तातडीचं सांगते. दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. शाळा मुलाला स्वतःहून काढत नाही, पालकांकडून ‘वैयक्तिक कारणास्तव दाखला मिळावा’ असं लिहून घेते. एकदा तो कागद फायलीला लागला की पुढे तुम्ही कुठेही दाद मागा, शाळा तोच पुढे करते: आम्ही कुठे काढलं, पालकांनीच नेलं. माझा मुलगा दुसरीत असताना आमच्यापुढेही असा अर्ज टाइप करून ठेवला होता, फक्त सही बाकी. नवरा म्हणाला, घरी वाचून सांगतो. अजून वाचतोय. मुलगा त्याच शाळेत नववीत आहे.

आता कायदा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 16 नुसार दाखल झालेल्या मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. 2019 पासून पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची नाही. खाजगी शाळाही यात येतात. एक अडचण मात्र आहे. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालामुळे हा कायदा तिला लागू होत नाही, तेव्हा आधी ते बघून घ्या. तशी असली तरी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 आहेच. त्यात ऑटिझम धरून 21 प्रकारची दिव्यांगता आहे. सरकारनं मान्यता दिलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात, असं त्याचं कलम 16 सांगतं. (दोन्ही कायद्यांत कलम 16 च, लक्षात ठेवायला बरं.) कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगता असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण आहे, आणि दोन्हींतली निवड मुलाची, म्हणजे व्यवहारात तुमची. ती मुख्याध्यापिकांनी करायची नाही. याचा अर्थ तुमच्या शाळेची फी माफ होईल असा मात्र काढू नका. विनाअनुदानित शाळेतली मोफत जागा 25 टक्के राखीव प्रवेशातून मिळते, आणि तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच असतो.

मग करायचं काय? मुख्याध्यापिकांच्या नावे एक पानी पत्र लिहा. अमुक तारखेला आपण आम्हाला दाखला नेण्यास सांगितलंत, आमची तशी इच्छा नाही, मुलगा याच शाळेत शिकेल, आपलं म्हणणं कृपया लेखी कळवावं. पुढे सोयी मागा, पण नेमक्या. ‘विशेष लक्ष द्यावे’ असं लिहिलंत तर त्यातून काहीच होत नाही. पहिल्या बाकावर, भिंतीच्या बाजूला जागा. दिवसाचं वेळापत्रक बाकावर चिकटवलेलं. सूचना एका वेळी एकच. घंटेचा किंवा प्रार्थनेच्या लाउडस्पीकरचा त्रास होत असेल तर पाच मिनिटं वर्गाबाहेर बसायची परवानगी. यांत शाळेचा एक रुपया जात नाही, त्यामुळे नाही म्हणायलाही कारण सापडत नाही. पत्राच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. कारकून घेत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा, ईमेलही करा.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर तीच प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार द्या. त्यापुढे पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त. चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. बहुतेक प्रकरणं तिथवर जातच नाहीत. माझा अनुभव असा की आवक क्रमांक पडलेल्या पत्रानंतर संस्थाचालकांची भाषा मऊ होते.

मग कदाचित ते म्हणतील, ठीक आहे, ठेवतो, पण शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारी व्यक्ती, तुम्ही तुमच्या खर्चानं आणा. पालकांनी तो खर्च करावाच अशी अट कायद्यात कुठेही नाही. विशेष शिक्षकांचं प्रमाणही सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये सांगितलंय: प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक, त्यापुढे 15 मागे एक. प्रत्यक्षात ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक सरकारी आणि अनुदानित शाळांतच फिरतात, तुमच्या शाळेत कुणी येणार नाही. मी स्वतः यावर भांडत बसले नाही. पहिलं वर्षभर दिवसातले दोन तास एक ताई ठेवली, पण ‘ही आमची मर्जी, प्रवेशाची अट नव्हे’ असं आधी लिहून दिलं. तुम्हाला परवडत नसेल तर सरळ नाही म्हणा.

जिल्हा रुग्णालयाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) काढलं नसेल तर याच महिन्यात स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. खाजगी डॉक्टरांचा रिपोर्ट सरकारी कामाला पुरत नाही. टक्केवारी 40 च्या खाली आली तरी भेदभावापासूनचं संरक्षण आणि वाजवी सोयी मागता येतात, त्या 40 टक्क्यांवर अवलंबून नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयात विकास कुमार यांच्या खटल्यात 2021 मध्ये स्पष्ट झालंय. प्रमाणपत्र हाती आलं की यूडायस प्लसवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, मुलाची नोंद दिव्यांग म्हणून करायला शाळेला सांगा. तीही लेखीच. दहावीला लेखनिक, तासाला 20 मिनिटं जादा वेळ, भाषेतली सूट मागायला जाल तेव्हा बोर्डाकडे प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, आणि जुनी नोंद असली की त्या वेळी धावपळ होत नाही.