कार्ड तुझं, गाडी सगळ्यांची

भावा, इंग्लंडात लॉरी रोज बदलेल, ड्रायव्हिंगच्या नि ब्रेकच्या वेळा नोंदवणाऱ्या टॅकोग्राफ मशीनचं कार्ड मात्र तुझं एकट्याचं. गाडी सोडताना ते काढायचंच. दुसऱ्याच्या कार्डावर एक मैलही नको. नव्या गाडीत कार्ड घातलं की कार्ड बाहेर होतं त्या मधल्या वेळेत काय केलंस ते मशीन विचारतं. घाईत 'नाही' दाबू नकोस, केलेलं लोडिंग 'इतर काम' म्हणून भर. मशीनच्या प्रिंटवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, म्हणजे उन्हाळ्यात मनगटावरच्या घड्याळापेक्षा तासभर मागे. पहिल्या जूनमध्ये सहाची सुरुवात पाचला दिसली आणि माझी छातीच धडधडली! साडेचार तास ड्रायव्हिंगला ४५ मिनिटं ब्रेक. तोडायचा तर आधी १५, मग ३०. कार्ड बिघडलं तर सुरुवातीला नि शेवटी प्रिंट काढून नाव, लायसन्स नंबर, सही. कागदाचा रोल स्वतःच्या बॅगेत ठेव, सामायिक गाडीतला नेमका संपलेला असतो.